पडद्यावर हरलेला बेब

२६ जुलै १९४८ची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील ॲस्टर चित्रपटगृहाबाहेर दिव्यांचा झगमगाट होता, छायाचित्रकारांची धावपळ होती. रस्त्याच्या कडेला गर्दी ताटकळत उभी होती. रुग्णालयातून काही तासांसाठी बाहेर आलेला एक माणूस मोटारीतून उतरला आणि दोघातिघांच्या आधाराने आत गेला. कधीकाळी त्याच्या रुंद खांद्यांवर आणि वाटोळ्या पोटावर अवघ्या अमेरिकेने प्रेम केले होते. आता कोट अंगावर लोंबत होता, चेहरा ओढला गेला होता आणि आवाज घशातच अडकत होता. आत पडद्यावर त्याचेच आयुष्य दाखवले जाणार होते. चित्रपटाचे नाव होते 'द बेब रूथ स्टोरी'. बेब रूथने तो पूर्ण पाहिला नाही. शेवट होण्यापूर्वीच त्याला चित्रपटगृहातून बाहेर नेण्यात आले आणि तो पुन्हा रुग्णालयातल्या खाटेवर जाऊन पडला. तीन आठवड्यांनी, १६ ऑगस्ट रोजी, त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ५३.

तो अर्ध्यातून उठला तो प्रकृतीमुळे, असेच सर्वजण मानतात आणि ते खरेही असेल. पण ज्यांनी हा चित्रपट पाहिला आहे त्यांच्या मनात दुसरी एक शंका हमखास येते. खेळाडूंच्या जीवनावरील सर्वांत फसलेल्या चित्रपटांची यादी कोणीही केली, तर त्यात हा चित्रपट असतोच. बहुधा वरच्या क्रमांकावर. आपल्याकडे 'भाग मिल्खा भाग'नंतर खेळाडूंच्या चरित्रपटांची रांग लागली. त्यांतील काहींनी नायकाला इतके घासूनपुसून स्वच्छ केले की, मूळ माणूस ओळखू येईना. ही खोड हिंदी चित्रपटसृष्टीची खासगी मिळकत आहे, असे समजण्याचे कारण नाही. तिचा नमुना हॉलिवूडने १९४८ सालीच घालून दिला होता. तोही अशा माणसाच्या बाबतीत, ज्याच्या आयुष्यात पटकथाकाराला एक अक्षरही पदरचे घालण्याची गरज नव्हती.

जॉर्ज हर्मन रूथ याचा जन्म ६ फेब्रुवारी १८९५ रोजी बाल्टिमोर शहरात झाला. गंमत म्हणजे आपली खरी जन्मतारीख त्याला वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर कळली. १९३४ साली जपानच्या दौऱ्यासाठी पारपत्र काढताना जन्माचा दाखला समोर आला, तोवर तो स्वतःला एका वर्षाने मोठा समजत होता. घरात वाढदिवस लक्षात ठेवायला कोणाला सवड होती? बाप गोदीजवळच्या वस्तीत दारूचा गुत्ता चालवी. आई सतत आजारी. आठ मुले झाली, त्यांतील जॉर्ज आणि त्याची बहीण मेमी एवढी दोनच जगली. मुलगा दिवसभर रस्त्यावर असे. शाळा बुडवणे, दुकानांतून वस्तू उचलणे, गुत्त्यातल्या पेल्यांतील उरलीसुरली दारू चाखणे असे त्याचे शिक्षण चालले होते. १३ जून १९०२ रोजी, वयाच्या सातव्या वर्षी, आईबापांनी त्याला सेंट मेरीज औद्योगिक शाळेत नेऊन सोडले. नाव शाळेचे असले, तरी ते अनाथालय आणि बालसुधारगृह यांचे मिश्रण होते. कागदोपत्री कारण लिहिले गेले ते मुलगा आवरत नाही, असे.

मध्ये काही काळ घरी नेले-आणले गेले तेवढे सोडता, पुढची बारा वर्षे तो तिथेच वाढला. झेवेरियन पंथाचे ब्रदर शाळा चालवीत. मुलांना हाताला काम म्हणून एकेक धंदा शिकवला जाई. जॉर्जच्या वाट्याला शिंप्याचे काम आले. सदऱ्यांच्या कॉलरी बसवण्यात तो चांगला तरबेज झाला होता आणि पुढे लक्षावधी डॉलर मिळवत असतानाही हे कौशल्य तो अभिमानाने सांगे. भेटायला घरचे कोणी फारसे येत नसे. त्या भिंतींआड त्याला बापाच्या जागी एकच माणूस भेटला, ब्रदर मथायस. सहा फुटांहून कितीतरी उंच, धिप्पाड आणि मितभाषी असे हे गृहस्थ मुलांना बेसबॉल शिकवीत. एका हाताने बॅट फिरवून ते चेंडू आकाशात असा भिरकावीत की, खाली उभी असलेली पोरे तोंडाचा आ वासून बघत राहत. रूथची चाल, छोटी छोटी पावले टाकत धावण्याची लकब आणि बॅट खालून वर नेणारा फटका, सारे काही त्या माणसाचे अनुकरण होते, असे त्याचे चरित्रकार मानतात. पुढच्या काळात रूथने कोणाचेच ऐकले नाही. पण ब्रदर मथायस समोर आले की तो पोरासारखा खाली मान घाली. १९१९मध्ये शाळेची मुख्य इमारत आगीत जळाली, तेव्हा शाळेचा बँड पुढच्या वर्षी रूथच्या संघाबरोबर गावोगाव हिंडला आणि त्याच्या नावावर इमारतीसाठी पैसा उभा राहिला.

फेब्रुवारी १९१४मध्ये बाल्टिमोर ओरिओल्स या दुय्यम साखळीतल्या संघाचा मालक जॅक डन याने त्याला हेरले. हंगामाचे ६०० डॉलर ठरले. कायद्याने पालकत्व डनकडे आले आणि डनचे हे नवे तान्हे बाळ म्हणून संघातल्या जुन्या खेळाडूंनी त्याला 'बेब' म्हणायला सुरुवात केली, असे सांगतात. एकोणीस वर्षांचा हा पोरगा प्रथमच आगगाडीत बसत होता आणि हॉटेलातल्या लिफ्टमध्ये खालीवर करण्यात तासन्‌तास रमत होता. त्याच वर्षी जुलैमध्ये डनने त्याला बोस्टन रेड सॉक्सला विकले. बोस्टनमधील एका खाणावळीत वाढपी म्हणून काम करणाऱ्या हेलन वुडफर्डशी त्याने ऑक्टोबरमध्ये लग्नही उरकले. हेलनचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला बेसबॉलची फारशी ओळख नसते, म्हणून थोडे सांगायला हवे. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. फलंदाजाने चेंडू हद्दीच्या कुंपणापार भिरकावला की तो होम रन. आपला षटकारच म्हणा. मात्र त्या काळी या षटकाराला फारशी प्रतिष्ठा नव्हती. एकच चेंडू मळून काळाठिक्कर होईपर्यंत वापरला जाई, तो मऊ पडे आणि दूर जात नसे. शहाणा फलंदाज बॅट आखूड धरून चेंडू मोकळ्या जागेत ढकलत असे. जोरात फटका मारून बाद होणे हे अडाणीपणाचे लक्षण होते. रूथ संघात आला तो पिचर म्हणून, डावखुरा आणि अव्वल दर्जाचा. १९१६ साली त्याने २३ सामने जिंकून दिले. वर्ल्ड सीरिजमध्ये सलग २९ हून अधिक डाव त्याने प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही. हा विक्रम १९६१पर्यंत टिकला. तो नुसता पिचरच राहिला असता, तरी त्याची गणना मोठ्यांत झाली असती. पण पिचर रोज खेळत नाही आणि रूथला रोज फलंदाजी करायची होती. सव्वा किलो वा त्याहूनही जड बॅट अगदी टोकाशी धरून तो सगळ्या अंगाने झुकांडी घेत असे. चेंडू लागला नाही, तर स्वतःच्याच झोकाने गुडघ्यावर येई. लोकांना तेही बघायला आवडे. १९१९ साली त्याने २९ होम रन मारून नवा विक्रम केला.

त्याच वर्षाच्या अखेरीस बोस्टनचा मालक हॅरी फ्रेझी याने त्याला न्यूयॉर्क यांकीजला विकून टाकले. फ्रेझी नाटकांचा निर्माता होता आणि कर्जात बुडाला होता. एक लाख डॉलर रोख आणि शिवाय बोस्टनचे मैदान गहाण ठेवून तीन लाखांचे कर्ज असा तो सौदा होता. बोस्टनने त्यानंतर ८६ वर्षांच्या अंतराने, थेट २००४मध्ये वर्ल्ड सीरिज जिंकली. दरम्यानच्या प्रत्येक पराभवाचे खापर तेथील लोक या एका व्यवहारावर फोडत राहिले.

न्यूयॉर्कमध्ये पहिल्याच हंगामात, १९२० साली, रूथने ५४ होम रन मारले. त्या साखळीतील दुसऱ्या कोणत्याही संपूर्ण संघाला मिळून तेवढे मारता आले नाहीत. आधीच्या वर्षी यांकीजच्या सामन्यांना सहा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले होते. या वर्षी ते १२ लाख ८९ हजारांवर गेले. हा आकडा नुसता गल्ल्याचा नव्हे. त्याच वर्षी, १९१९च्या वर्ल्ड सीरिजमध्ये शिकागोच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने घालवल्याचे उघड झाले होते आणि लोकांचा खेळावरचा विश्वासच उडायची वेळ आली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रे चॅपमन हा फलंदाज डोक्यावर चेंडू बसून मरण पावला आणि मळके चेंडू ताबडतोब बदलले जाऊ लागले. पांढराशुभ्र, कडक चेंडू आणि त्यावर तुटून पडणारा रूथ असा योग जुळला. सामनेनिश्चितीच्या बातम्या वाचून विटलेला प्रेक्षक पुन्हा मैदानावर आला तो या माणसाचा फटका बघायला. पुढच्या वर्षी ५९ आणि १९२७मध्ये ६० होम रन झाले. १९२३ साली यांकीजने स्वतःचे प्रचंड मैदान बांधले, १८ एप्रिलला त्याचे उद्घाटन झाले आणि तेथील पहिला होम रन रूथनेच मारला. हे घर रूथने बांधले, असे लोक म्हणू लागले आणि तिकिटांचा हिशेब पाहता त्यात अतिशयोक्ती नव्हती.

त्याचे खाणे, पिणे, भरधाव मोटारी, बायका यांच्या कहाण्या तेव्हाही सर्वश्रुत होत्या. वार्ताहर संघाबरोबर आगगाडीतून प्रवास करीत, सारे बघत आणि त्यातले फारच थोडे छापत. (आमच्या व्यवसायातील तो एक वेगळाच करार होता. आज तो टिकणे अशक्य.) १९२५च्या वसंतात तो प्रवासातच कोसळला. फार सॉसेज खाल्ल्याने पोट बिघडल्याची विनोदी बातमी देशभर गेली. प्रत्यक्षात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली होती आणि हंगामाचा मोठा भाग वाया गेला. परत आल्यावरही रात्रीचे हिंडणे थांबेना, तेव्हा प्रशिक्षक मिलर हगिन्स यांनी त्याला ५ हजार डॉलर दंड करून संघाबाहेर बसवले. देहाने हगिन्स म्हणजे रूथच्या निम्मा. पण मालक त्यांच्या पाठीशी उभा राहिला आणि रूथला माफी मागावी लागली.

इथे चित्रपटवाल्यांनी थांबायला हवे होते. तिशी उलटलेला, सुटलेल्या अंगाचा, जवळजवळ संपला असे सर्वांनी धरलेला हा माणूस त्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमधील आर्टी मॅकगव्हर्न यांच्या व्यायामशाळेत जाऊ लागला. महिनोन्‌महिने घाम गाळून त्याने शरीर पुन्हा उभे केले. त्याच्या कारकिर्दीतील सर्वोत्तम काळ, ६० होम रनचे वर्ष, ओळीने दोन अजिंक्यपदे हे सारे त्या व्यायामशाळेनंतरचे आहे. १९२१मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेत त्याच्या चाचण्या घेतल्या गेल्या, तेव्हा त्याची नजर आणि हात सर्वसामान्य माणसापेक्षा स्पष्टपणे चपळ ठरले होते. म्हणजे देणगी होतीच. पण देणगी उधळून टाकून ती मेहनतीने परत मिळवणारा रूथ हा अधिक मोठा विषय होता. तो चित्रपटात नाही.

चित्रपटात काय आहे? रूथने मारलेला एक चेंडू कुत्र्याला लागतो. रूथ सामना टाकून कुत्र्याला आणि त्याच्या छोट्या मालकाला घेऊन रुग्णालयात धावतो, माणसांच्या डॉक्टरांना शस्त्रक्रिया करायला लावतो आणि त्यापायी संघाची शिक्षाही भोगतो. म्हणजे जी शिक्षा त्याने रात्रीच्या भटकंतीने ओढवून घेतली होती, तिला भूतदयेचे कारण जोडून दिले गेले. दुसऱ्या एका प्रसंगात चालता न येणाऱ्या मुलाला रूथ नुसती हाक देतो आणि ते पोर उठून उभे राहते. इथे प्रेक्षागृहात हसू फुटले असेल, तर नवल नाही.

या चमत्कारांमागे एक खरी घटना होती आणि ती चमत्कारापेक्षा किती तरी रोचक आहे. १९२६ साली न्यू जर्सीतील जॉनी सिल्व्हेस्टर हा ११ वर्षांचा मुलगा घोड्यावरून पडल्यानंतर गंभीर आजारी होता. वर्ल्ड सीरिज सुरू होती. ओळखीतून दोन्ही संघांच्या सह्यांचे चेंडू त्याच्याकडे पोहोचले, त्यांत रूथने होम रन मारण्याचे आश्वासन दिले होते. ६ ऑक्टोबरच्या सामन्यात त्याने एक नव्हे, तीन मारले. मुलगा बरा झाला, मालिका संपल्यावर रूथ त्याला घरी जाऊन भेटला आणि वर्तमानपत्रांना वर्षभर पुरेल एवढी कथा मिळाली. आता याची दुसरी बाजू. ती मालिका यांकीज हरले आणि तीही रूथच्याच चुकीने. अखेरच्या सामन्यात दुसरा तळ चोरण्याच्या आततायी प्रयत्नात तो बाद झाला आणि सारे तिथेच संपले. वर्षभराने जॉनीच्या काकांनी भेटून आभार मानले, तेव्हा रूथने प्रेमाने चौकशी केली आणि ते गेल्यावर हा जॉनी नक्की कोण, असे सोबत्यांना विचारले, अशी आख्यायिका आहे. त्याला माणसांची नावे कधी लक्षातच राहत नसत. मुलांच्या रुग्णालयांत तो छायाचित्रकारांशिवायही जाई, ते प्रेम अस्सल होते आणि विसरणेही तितकेच अस्सल. १९४७मध्ये रूथ आजारी असताना जॉनी त्याला भेटायला आला. तो तेव्हा तिशीतला गृहस्थ होता, युद्धात नौदलात काम करून आलेला. अशी भेट पटकथाकाराला आयती मिळाली होती. तिच्याऐवजी त्यांनी कुत्रा निवडला.

१ ऑक्टोबर १९३२ रोजी शिकागोच्या मैदानावर घडलेला प्रसंगही असाच. वर्ल्ड सीरिजचा तिसरा सामना, दोन्ही संघांच्या प्रत्येकी चार धावा. शिकागोचे खेळाडू बाकावरून रूथला अर्वाच्य शिव्या घालत होते. दोन स्ट्राइक झाल्यावर त्याने हात उंचावून काहीतरी खूण केली आणि चार्ली रूटच्या पुढच्या चेंडूवर मैदानाच्या मध्यभागी दूरवर होम रन मारला. चेंडू कुठे मारणार हे त्याने आधीच दाखवले, की समोरच्या बाकाकडे बोट रोखून अजून एक चेंडू शिल्लक आहे एवढेच सुचवले, यावर आजही वाद आहे. पुष्कळ वर्षांनी एका प्रेक्षकाने घेतलेली हौशी चित्रफीत सापडली. तीत हात वर गेलेला दिसतो. दिशा मात्र छातीठोकपणे सांगता येत नाही. रूथ स्वतः या गोष्टीचे वेगवेगळे पाठ सांगे. चित्रपटात अर्थातच शंकेला जागा नाही. तिथे हा फटका एका आजारी मुलाला दिलेल्या वचनासाठी आहे. म्हणजे १९२६ची घटना उचलून १९३२मध्ये बसवली. चार्ली रूटला चित्रपटात स्वतःचीच भूमिका करण्याचे निमंत्रण होते. त्याने साफ नाकारले. आयुष्यभर ज्या गोष्टीचा त्याने इन्कार केला, ती पडद्यावर स्वतः साकारण्याइतका तो लाचार नव्हता.

आणि हेलन? ती चित्रपटात नाहीच. पडद्यावरच्या रूथच्या आयुष्यात एकच स्त्री येते ती क्लेअर, त्याची दुसरी पत्नी. पहिल्या पत्नीचा उल्लेखही नाही. खरी हेलन बोस्टनहून न्यूयॉर्कला आली आणि त्या गजबजाटात हळूहळू बाजूला पडत गेली. १९२१मध्ये डोरोथी नावाची मुलगी दत्तक घेतली गेली. (पुढे १९८८मध्ये डोरोथीने आपण रूथच्याच एका संबंधातून जन्मलो असल्याचे पुस्तकात लिहिले.) १९२५च्या सुमारास पतिपत्नी वेगळी झाली, कॅथलिक असल्याने घटस्फोट नव्हता. ११ जानेवारी १९२९ रोजी मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउन येथे एका दंतवैद्याच्या घराला आग लागली आणि त्यात एक स्त्री मरण पावली. शेजारी तिला त्या दंतवैद्याची पत्नी समजत होते. ती हेलन होती, हे नंतर उघड झाले. रूथ बोस्टनला धावला. शोकाने तो पुरता कोसळल्याचे अनेकांनी पाहिले. आणि तीन महिन्यांनी, १७ एप्रिलला, त्याने क्लेअर हॉजसनशी लग्न केले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. चित्रपट निघाला तेव्हा क्लेअर हयात होती, डोरोथी हयात होती, रूथ मरणशय्येवर होता. तेव्हा संकोच समजू शकतो. पण एका स्त्रीला नाजूकपणे वगळणे वेगळे आणि ती नव्हतीच असे भासवणे वेगळे. चित्रपटाच्या साऱ्या दोषांत मला हा सर्वांत अक्षम्य वाटतो. कुत्र्याचा प्रसंग नुसता हास्यास्पद आहे.

दिग्दर्शक रॉय डेल रूथ. नावाचे साम्य हा निव्वळ योगायोग. नायक विल्यम बेंडिक्स हा गुणी चरित्र अभिनेता. लहानपणी तो यांकीजच्या मैदानावर पोऱ्या म्हणून राबला होता आणि रूथवर त्याची भक्ती होती. पण ४२ वर्षांच्या या माणसाने कृत्रिम नाक लावून विशीतला रूथ उभा केला, तो एका भोळसट, मठ्ठ, सदा ओशाळलेल्या थोराड पोरासारखा. रूथ उद्धट होता, लहरी होता, हावरट होता; मठ्ठ मात्र मुळीच नव्हता. बॅट फिरवण्याचे तर बोलायलाच नको. पत्रकार बॉब कन्सिडाइन यांनी रूथच्या नावे लिहिलेल्या आत्मचरित्रावर पटकथा बेतलेली होती. त्यात कन्सिडाइन यांचाही हात होता आणि तरीही सारे काम घाईत उरकल्यासारखे दिसते. घाई कशाची होती, ते उघड आहे. नायक जिवंत असेपर्यंत चित्रपट पडद्यावर यायला हवा होता.

तुलनेला फार दूर जायला नको. सहाच वर्षांपूर्वी, १९४२मध्ये, रूथचा सहकारी लू गेरिग याच्यावर 'द प्राइड ऑफ द यांकीज' निघाला होता. गॅरी कूपर नायक होता, ऑस्करची ११ नामांकने मिळाली. त्यात रूथने स्वतःची भूमिका स्वतःच केली आणि तो फार सहज वावरला. कॅमेरा त्याला नवा नव्हता. १९२८मध्ये हॅरॉल्ड लॉइडच्या 'स्पीडी'मध्ये टॅक्सीत बसून जीव मुठीत धरलेला रूथ आजही हसवतो. मात्र खोट्या चरित्राची सुरुवातही त्याच्याच संमतीने झाली होती, हे नोंदवले पाहिजे. १९२०च्या 'हेडिन होम' या मूकपटात त्याने गावाकडचा, आई-बहिणीसोबत राहणारा, स्वतःची बॅट लाकडातून कोरणारा साधा मुलगा रंगवला होता. ज्याला आईने सातव्या वर्षी सुधारगृहात सोडले, त्याला पडद्यावर मायेचे घर मिळाले. ते दृश्य करताना त्याच्या मनात काय आले असेल, कोण जाणे.

रूथची कीर्ती अमेरिकेपुरती नव्हती. १९३४च्या जपान दौऱ्यात टोकियोच्या गिन्झा भागात त्याला पाहायला रस्ते तुडुंब भरले होते. क्रिकेटशीही त्याचा ओझरता संबंध आला. १९३२मध्ये डॉन ब्रॅडमन अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना न्यूयॉर्कच्या मैदानात दोघे शेजारी बसून सामना बघत होते. धावांची खाण असलेला किडकिडीत ब्रॅडमन आणि अगडबंब रूथ यांचे ते छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९३५च्या प्रारंभी लंडनमध्ये ऑस्ट्रेलियाचे ॲलन फेअरफॅक्स यांच्या शाळेत रूथने क्रिकेटची बॅटही चालवून पाहिली.

१९३० साली त्याचे मानधन ८० हजार डॉलर होते, राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांच्या पगाराहून पाच हजारांनी जास्त. पण त्याला हवे होते ते दुसरेच. त्याला संघाचा व्यवस्थापक व्हायचे होते. १९२९मध्ये हगिन्स वारले, तेव्हा त्याने मालक जेकब रुपर्ट यांच्याकडे शब्द टाकला. ज्याला स्वतःला सांभाळता आले नाही तो संघ काय सांभाळणार, अशा अर्थाची कुजबुज सुरू झाली आणि जागा दुसऱ्याला गेली. पुढे तिसऱ्याला गेली. डेट्रॉइटच्या मालकाने १९३३मध्ये बोलावले, तर हा आधी हवाईला सहलीस गेला. परत येईपर्यंत तिथली खुर्ची भरली होती. रुपर्ट यांनी दुय्यम संघ देऊ केला, तो त्याने अपमान समजून नाकारला. १९३५मध्ये बोस्टन ब्रेव्ह्जने उपाध्यक्ष आणि साहाय्यक व्यवस्थापक अशी पदे देऊन त्याला नेले. ती पदे पोकळ होती, गर्दी खेचण्यासाठी लावलेली पाटी. पाय चालत नव्हते, चेंडू अडत नव्हता. तरी २५ मे रोजी पिट्सबर्गमध्ये त्याने एकाच सामन्यात तीन होम रन मारले, त्यांतला तिसरा छपरावरून बाहेर गेला. तो ७१४वा, आणि शेवटचा. आठवड्याभरात त्याने निवृत्ती घेतली. हँक ॲरन यांनी तो आकडा १९७४मध्ये ओलांडला.

त्यानंतर बोलावण्याची वाट बघण्यात तेरा वर्षे गेली. १९३८मध्ये ब्रुकलिनने त्याला पहिल्या तळाजवळचा प्रशिक्षक नेमले, तेही एका हंगामापुरते आणि सरावात फटके मारून लोकांना रिझवण्यासाठी. १९३६मध्ये बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात निवडल्या गेलेल्या पहिल्या पाच जणांत तो होता. सन्मानांची उणीव नव्हती. पण फोन आला नाही. क्लेअरने पुढे सांगितलेल्या आठवणींतून घरात बसून फोनकडे डोळे लावणारा रूथ दिसतो. चित्रपटात हा भाग घाईघाईने उरकला आहे, कारण यात खलनायक नाही. कोणी कट केला नव्हता. त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांचाच त्याच्यावर विश्वास नव्हता.

१९४६च्या अखेरीस डाव्या डोळ्यामागे असह्य दुखू लागले. नाकामागे, कवटीच्या तळाशी कर्करोग होता. त्याला तो शब्द कोणी सांगितला नाही. वर्तमानपत्रांनीही छापला नाही. १९४७मध्ये टेरोप्टेरिन या तेव्हा प्रायोगिक असलेल्या औषधाची इंजेक्शने देण्यात आली. किरणोपचार आणि औषध यांचा एकत्र मारा झालेल्या आरंभीच्या रुग्णांपैकी तो एक होता. काही काळ गाठी ओसरल्या, वजन वाढले आणि ते निष्कर्ष वैद्यकीय परिषदेत मांडलेही गेले. चित्रपटाने शेवटी या उपचारांचा आधार घेतला आहे खरा, पण त्यालाही हौतात्म्याचा मुलामा देऊन.

२७ एप्रिल १९४७ रोजी यांकी स्टेडियमवर त्याच्या नावाचा दिवस साजरा झाला. ५८ हजारांहून अधिक लोकांसमोर तो घोगऱ्या, फाटक्या आवाजात मुलांविषयी आणि खेळाविषयी थोडे बोलला. १३ जून १९४८ला मैदानाच्या रौप्यमहोत्सवात तो शेवटचा आला. त्याचा तीन क्रमांकाचा गणवेश कायमचा निवृत्त करण्यात आला. कोणीतरी हाती दिलेल्या बॅटचा काठीसारखा आधार घेऊन तो उभा होता. सगळे छायाचित्रकार समोरून टिपत असताना नॅट फाइन मागे गेला. पाठमोरा रूथ, ढगळ झालेल्या सदऱ्यावरचा तो आकडा, पुढे पसरलेले मैदान आणि भरलेले सज्जे. त्या छायाचित्राला १९४९मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यात रूथचा चेहराही दिसत नाही आणि तरी माणूस पुरता दिसतो. पावणेदोन तासांच्या चित्रपटाला जे जमले नाही, ते तिथे एका क्लिकमध्ये झाले.

१९९२मध्ये जॉन गुडमनला घेऊन 'द बेब' निघाला. ४८च्या चुका सुधारण्याचा त्याचा इरादा दिसतो. हेलन आहे, दारू आहे, बेछूटपणा आहे. पण आता लंबक दुसऱ्या टोकाला गेला. पहिल्या फ्रेमपासून शेवटपर्यंत एक ढेरपोट्या, खादाड, आरडाओरडा करणारा माणूस. तरुणपणीचा रूथ उंच, भरदार आणि चांगला वेगवान धावपटू होता, हे त्या निर्मात्यांना कोणी सांगितले नसावे. एका चित्रपटाने त्याला संत केले, दुसऱ्याने राक्षस. त्या चेंडूमागे धावणारा, कॉलरी शिवणारा, फोनची वाट पाहणारा रूथ अजून कोणत्याच पडद्यावर आलेला नाही.

त्याच्या मृत्यूनंतर शव यांकी स्टेडियमच्या प्रवेशद्वाराशी दर्शनासाठी ठेवण्यात आले. ऑगस्टचा उकाडा होता. रांग मैदानाला वळसा घालून रस्त्यांवर गेली होती. लोक बापाच्या, काकाच्या खांद्यावर बसलेली मुले घेऊन आले होते. त्यांतल्या बहुतेक मुलांनी रूथला खेळताना कधी पाहिले नव्हते. रांगेच्या कडेने फेरीवाले सॉसेजचे पाव विकत होते आणि ते खपतही होते.